संशोधकाची शिदोरी

परतवाड्याहून निघालेला रस्ता सेमाडोहवरून धारणीकडे येऊ लागला, म्हणजे सातपुड्याच्या डोंगररांगा एकामागून एक मागे पडत जातात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाचे रान उभे असते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या मेळघाटच्या नद्या याच रानात वाढतात आणि अखेरीस तापीला जाऊन मिळतात. थंडीच्या दिवसांत या रानातली पहाट फार निवांत असते. दवाने ओली झालेली सागाची रुंद पाने अधूनमधून टपकन गळतात, तेवढाच काय तो आवाज. सूर्य डोंगराआडून वर आला की निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर एक लहानसा पक्षी ऊन खात बसलेला दिसतो. तो कोण, केव्हापासून तेथे आहे आणि उद्या तेथे असेल की नाही, हे जाणून घेण्यासाठी कोणीतरी झाडाखाली रोज येऊन बसावे लागते.

असेच रोज जाऊन बसणारी एक विद्यार्थिनी धारणीच्या बाजारात महिन्याचा शिधा भरावयास आली होती. तांदूळ, तुरीची डाळ, पोहे, आगपेट्या आणि विजेरीचे सेल अशी तिची यादी होती. दुकानदार वयस्कर होता. सामान तोलता तोलता त्याने विचारले, "काय वं पोरी, पाखरं पाह्याचे पैसे देते काय कोनी?" ती हसून म्हणाली, "पाहण्याचे नाही, काका. तिथे थांबण्याचे देतात."

दुकानदाराला त्या उत्तराचा उलगडा झाला नाही. पण त्या एका वाक्यात संशोधनाचे मोठे रहस्य सामावलेले आहे. ते समजून घेण्यासाठी त्या लहानशा पक्ष्याचीच कथा ऐकली पाहिजे.

त्या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. गावातल्या वडा-पिंपळावर राहणारा साधा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा असतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात आणि तो बहुधा तिन्हीसांजेला बाहेर पडतो. रानपिंगळा हा त्याचा चुलतभाऊच म्हणावा. पण त्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते, पाय भक्कम असतात आणि पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे असतात. विशेष म्हणजे हा घुबडांच्या कुळातला असूनही दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, उंदीर आणि टोळ यांवर त्याची गुजराण होते, आणि झाडाच्या ढोलीत तो आपला संसार मांडतो.

१८७२ साली आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात ब्लेविट नावाच्या एका अधिकाऱ्याला हा पक्षी प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ब्लेविटचे नाव दिले. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतर खानदेशातही काही रानपिंगळे मिळाले. परंतु १८८४ नंतर हा पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. जगातल्या निरनिराळ्या संग्रहालयांत पेंढा भरून ठेवलेले सात नमुने एवढीच त्याची खूण उरली. पक्षी नामशेष झाला असावा, असे पुष्कळांना वाटू लागले.

या सातांपैकी एका नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर 'मांडवी, गुजरात, १९१४' अशी नोंद होती. मेनर्ट्झहागेन नावाच्या एका ख्यातनाम ब्रिटिश संग्राहकाने तो पक्षी आपण मिळवल्याचे सांगितले होते. ख्यातनाम माणसाच्या शब्दावर सहसा कोणी शंका घेत नाही. त्यामुळे रानपिंगळ्याचा शोध घेणाऱ्यांची दृष्टी पुन्हापुन्हा मांडवीकडे वळत राहिली. डॉ. सलीम अली आणि अमेरिकेचे पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिपली यांच्यासारख्या जाणकारांनाही त्याचा ठाव लागला नाही. पुढे पामेला रासमुसेन या संशोधिकेने तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा निराळेच सत्य बाहेर आले. तो पक्षी मांडवीचा नव्हताच. ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून, त्यात नव्याने पेंढा भरून, त्याला ती खोटी चिठ्ठी बांधलेली होती! एका असत्याने कितीतरी जणांचे कष्ट आडवाटेला लावले होते.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी १९९७ च्या नोव्हेंबरात खऱ्या नोंदींच्या ठिकाणी जाण्याचे ठरवले. त्यांनी पूर्वेकडच्या रानात पुष्कळ पायपीट केली. हाती काही आले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी माणसाला त्याची पुन्हा ओळख पटली. पक्षी मात्र कोठेच गेलेला नव्हता. तो त्याच्या घरीच होता. त्याच्या दाराशी योग्य माणूस योग्य वेळी पोहोचला नव्हता, इतकेच.

परंतु शोध लागणे वेगळे आणि माहिती होणे वेगळे. एकदा दिसलेला पक्षी किती आहे, काय खातो, पिले कोठे वाढवतो, कोणते झाड तोडले की त्याचे घर मोडते, हे प्रश्न एका सकाळीत सुटत नाहीत. त्यासाठी फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांच्यासारख्या संशोधकांनी सातपुड्यातली राने पिंजून काढली. मेळघाटातही रानपिंगळा असल्याचे सिद्ध झाले. आणखी अभ्यासक पुढे आले. २०१४ साली तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. अशा नोंदी साठत गेल्या, तेव्हा २०१८ साली जगातल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याला 'अत्यंत धोक्यात' या वर्गातून 'धोक्यात' या वर्गात आणले गेले. धोका टळला असे नव्हे. पण अंधारात चाचपडणे संपले.

हे सारे ज्यांनी केले, त्यांत विद्यापीठाच्या मोठ्या पदवीसाठी, म्हणजे पीएच.डी.साठी, अभ्यास करणाऱ्या तरुणांचा वाटा फार मोठा असतो. ही पदवी पाठांतराने मिळत नाही. आजवर कोणाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट शोधून, पुराव्यासह जगापुढे मांडावी, तेव्हा ती मिळते. त्यासाठी चार-पाच वर्षे लागतात, आणि त्यांतला बराचसा काळ घरापासून दूर, रानात, डोंगरावर किंवा समुद्रात काढावा लागतो. त्याला क्षेत्रकार्य म्हणतात.

क्षेत्रकार्य म्हटले की डोळ्यांपुढे दुर्बीण, तंबू आणि साहस उभे राहते. खर्चाची वही कोणाला आठवत नाही. पण त्या वहीत काय काय असते, ते पाहावे. गावातल्या खोलीचे भाडे. मोटारसायकलचे तेल. पावसाने भिजून बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती. हिवतापाचे औषध. आणि सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे वाटाड्याची मजुरी. मेळघाटातला कोरकू वाटाड्या पायाखालच्या पाचोळ्यावरून कोण गेले ते सांगतो, आवाजावरून पाखरू ओळखतो, कोणत्या नाल्याला केव्हा पूर येईल ते जाणतो. विद्यापीठात न मिळणारी विद्या त्याच्यापाशी असते. त्याची मजुरी म्हणजे उपकार नव्हे. ती गुरुदक्षिणाच होय.

पूर्वी वऱ्हाडातला माणूस दूरच्या गावाला पायी निघाला, की घरची माणसे त्याच्यासाठी ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून देत. ती शिदोरी. पाय त्याचेच असत, वाटही त्यालाच तुडवावी लागे. पण शिदोरी बांधणारे हात घरी राहूनही त्याच्याबरोबर चालत असत. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी पाजणारा, जेवू घालणारा माणूसही वारीत सहभागी झाला, असेच महाराष्ट्र मानत आला आहे. संशोधकाला मिळणारी शिष्यवृत्ती किंवा अनुदान ही अशीच शिदोरी आहे.

शिदोरी वेळेवर बांधली गेली पाहिजे, हेही तितकेच खरे. भारतात राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधक झालेल्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन ठरले. अनुसूचित जमातींतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची दरवर्षी ७५० संशोधन-शिष्यवृत्त्यांची निराळी योजना आहे. या सोयी मोलाच्या आहेत. परंतु अशा रकमेचा हप्ता कधीकधी महिनोन्महिने लांबतो. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात असतो. तिकडे पक्ष्यांच्या विणीचा हंगाम मात्र कोणासाठी थांबत नाही. तिफणीची वेळ टळल्यावर घरात आलेले बियाणे काय कामाचे, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. हुकलेला एक हंगाम म्हणजे त्याच्या आयुष्यातले एक वर्ष.

रानाला लागू असलेला हा नियम समुद्रात तर अधिकच कठोर होतो. सातपुड्यात जन्मलेल्या मुलाने समुद्र पाहिलेला नसेल. पण अंगठीतले पोवळे त्याने पाहिलेले असते. पोवळे, म्हणजेच प्रवाळ, हा दगड नव्हे. समुद्रात वसाहती करून राहणाऱ्या अतिसूक्ष्म जिवांनी बांधलेले ते चुन्याचे घर आहे. अशी असंख्य घरे एकावर एक रचली जाऊन समुद्रात प्रवाळांच्या भिंती उभ्या राहतात. काही प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वाढतात. समुद्रतळाचा शंभरावा हिस्साही या भिंतींनी व्यापलेला नाही; पण समुद्रातल्या जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती त्यांच्या आश्रयाने जगतात. महाराष्ट्रातही मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले.

प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. तेच त्याला अन्न देते आणि रंगही देते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा थोडेसे जरी अधिक तापून तसेच काही आठवडे राहिले, तरी प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो; नाही तर उपासमारीने मरतो. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे संकट येऊन गेले. कोणता प्रवाळ मेला, कोणता वाचला आणि का वाचला, हे समजावयाचे असेल तर अभ्यासकाने त्याच आठवड्यांत पाण्याखाली असले पाहिजे. आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच जागी परत परत गेले पाहिजे. तेथे होडी लागते, पाठीवर हवेची नळकांडी लागतात, बुडी मारण्याचे शिक्षण लागते. मंजुरी सहा महिन्यांनी आली, तर तोवर घडावयाचे ते घडून गेलेले असते. मग शिल्लक राहतो तो पांढरा सांगाडा. त्याला प्रश्न विचारता येत नाहीत.

प्रवाळांच्या बेटांचे कोडे ज्याने प्रथम उलगडले, त्यालाही कोणीतरी शिदोरी बांधून दिलेली होती. चार्ल्स डार्विन २२ वर्षांचा असताना 'बीगल' जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेला जाण्याचे बोलावणे त्याला आले. पगार नव्हता, उलट आपला खर्च आपणच करावयाचा होता. वडिलांना हा बेत मुळीच पसंत पडला नाही. त्यांनी आपल्या हरकती एकामागून एक सांगितल्या. तरुण डार्विन खिन्न होऊन मामाच्या घरी गेला. मामा जोसाया वेजवुड यांनी त्या प्रत्येक हरकतीला शांतपणे उत्तर देणारे पत्र वडिलांना लिहिले. वडिलांचे मन वळले आणि सारा खर्च त्यांनी सोसला. १८३१ च्या डिसेंबरात निघालेले जहाज १८३६ साली परतले. १८४२ साली डार्विनने प्रवाळभित्तींवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. समुद्रातले ज्वालामुखीचे डोंगर हळूहळू खचत जातात आणि त्यांच्या काठाचे प्रवाळ वर वर वाढत राहतात, हा त्याचा सिद्धान्त होता. शंभरांहून अधिक वर्षांनी, १९५२ साली, प्रशांत महासागरातल्या एका प्रवाळबेटाला खोल भोक पाडले, तेव्हा हजार मीटरांहून अधिक जाड प्रवाळखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा पाषाण लागला! एका मामाच्या पत्राचे फळ इतके दूरवर पोहोचले.

पण सगळ्याच मुलांचे वडील श्रीमंत वैद्य नसतात आणि सगळ्यांनाच असे मामा लाभत नाहीत. विद्या जर केवळ सधनांच्या मुलांनाच शोधता आली, तर गरिबाच्या घरी जन्मलेली बुद्धी वाया जाईल. सलीम अलींनाही एके काळी नोकरी नव्हती. तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी करण्याची तयारी दाखवताना त्यांनी आपल्या श्रमांचा मोबदला मागितला नाही. मोहिमेचा खर्च तेवढा मागितला. निजाम सरकारने तो दिला आणि एका थोर कार्याला आरंभ झाला. पुढे त्यांना एक मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या रकमेतून त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या एका निधीचा पाया घातला. ज्याने शिदोरी खाल्ली, त्याने पुढच्या वाटसरूसाठी शिदोरी बांधली.

येथे कोणी विचारील, की ज्या मेळघाटात बालकांच्या कुपोषणाच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या, तेथे पाखरांच्या अभ्यासावर पैसा खर्चणे शोभते का? हा प्रश्न हलका नाही, आणि त्याला रागाने उत्तर देणे योग्य नाही. भुकेल्या बालकाच्या तोंडचा घास काढून कोणतेही शास्त्र वाढू नये. परंतु त्या बालकांचे दुःख समजण्यासाठीही कोणालातरी तेथे जाऊन राहावेच लागले. धारणी तालुक्यातल्या उतावली येथे डॉ. आशिष सातव यांनी रुग्णालय उभारले, गावातल्याच स्त्रियांना शिकवले आणि त्यांच्या मदतीने घरोघरच्या बालकांची काळजी व नोंद ठेवली. कोणत्या वयात, कोणत्या आजाराने, कोणत्या महिन्यात मुले दगावतात, हे मुंबईत बसून कळले नसते. पक्षी असो, प्रवाळ असो वा मूल असो, खोटी चिठ्ठी आणि खरी हकीकत यांतला फरक जवळ जाऊन थांबणाऱ्यालाच कळतो. रान टिकवण्याचे आणि मूल जगवण्याचे ज्ञान एकाच वाटेने येते.

धारणीच्या शाळेत आज जी मुले-मुली पाटीदप्तर घेऊन येतात, त्यांच्यात उद्याचे संशोधक नसतील कशावरून? रानातली पायवाट त्यांना ठाऊक आहे. पाखरांची नावे त्यांना घरच्या भाषेत येतात. आज वाटाड्या म्हणून दुसऱ्याच्या पुढे चालणाऱ्याचा मुलगा उद्या स्वतःची वही घेऊन त्याच वाटेने जाऊ शकेल. किंवा कोरकू घरातली एखादी मुलगी तापीच्या पाण्याबरोबर समुद्रापर्यंत पोहोचून प्रवाळांचा अभ्यासही करील. बुद्धी तिच्यापाशी आहे, पाय तिच्यापाशी आहेत. शिदोरी बांधण्याचे काम बाकीच्यांचे आहे.

दुकानदाराने सामान बांधून झाल्यावर हिशेब सांगितला. विद्यार्थिनीने पैसे मोजून दिले आणि पिशवी उचलली. तेवढ्यात त्याने हाक मारून तिला थांबवले, गुळाच्या ढेपेचा एक मोठा खडा फोडला आणि कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

"हे हिशेबात नोको धरू, पोरी," तो म्हणाला. "रानात थंडी लई राह्यते."

तिच्या खर्चाच्या वहीत त्या गुळाची नोंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सागाच्या झाडाखाली बसून तिने आणि तिच्या वाटाड्याने तो अर्धा अर्धा वाटून खाल्ला. वर उघड्या फांदीवर ऊन आले होते, आणि रानपिंगळा आपल्या जागी येऊन बसला होता.